सोडलं कुणी?

कोल्हापूरचा पोरगा भांडतो मराठीत, प्रेम करतो हिंदीत आणि सोडतो मात्र इंग्रजीत. पहिल्या गोष्टीला पुरावा लागत नाही. मिरजकर तिकटीला दोन गाड्या एकमेकींना घासून गेल्या की तो आपोआप मिळतो. दुसरीचं श्रेय उमा, पद्मा, पार्वती या टॉकिजांना. प्रेम कसं बोलायचं ते इथल्या पोरांना तिथंच कळलं आणि हिंदीतच कळलं. तिसरी गोष्ट मात्र अलीकडची. बारावीला इंग्रजीत 35 मार्कं पडावीत म्हणून ज्याच्या आईनं अंबाबाईला साकडं घातलं होतं, तोच पोरगा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून शेजारच्या मुलीला शांतपणे म्हणतो, “आय थिंक वी शुड टेक अ ब्रेक.” व्याकरण चोख, उच्चार बरा, आवाजात कंप नाही. हेच वाक्य तोंडी परीक्षेत म्हणाला असता तर अंबाबाईला एवढा त्रास पडला नसता.

मी या शब्दांच्या मागावर असतो. फार काही करावं लागत नाही. पेठेत राहायचं, कान उघडे ठेवायचे आणि रात्री जेवण झाल्यावर गंगावेशला दूध कट्ट्यावर जाऊन बसायचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: इथं म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी असते, धार तुमच्या डोळ्यांदेखत निघते आणि फेसासकट ग्लास हातात येतो. दुधात पाणी घालायला इथं वाव नाही. बोलण्यातही नसतो. परवा तिथं पोरांचा एक घोळका होता आणि त्यातल्या एकाचं तोंड उतरलेलं होतं.

“काय रं, काय झालं?”

“ब्रेकअप झालाय.”

सगळे गप्प. मग त्यांच्यातल्या सगळ्यात जवळच्यानं विचारलं, “कुणी सोडलं? तू का तिनं?”

“तसं काय न्हाई. म्युच्युअल हाय.”

“म्हंजी?”

“म्हंजी दोघांनी मिळून ठरवलं.”

“व्हय, पर आधी कोन म्हनलं?”

“ती म्हनली.”

“मग तिनं सोडलं की, मर्दा!”

“न्हाई रं. मी पन ओके म्हनलो.”

बाजूला एक जुने वस्ताद बसले होते. कान मोडलेले, मान आणि खांदा यांच्यामधली जागा मातीत जिरलेली. खासबागेत ज्यांनी लढती मारल्या आणि पाहिल्या, त्या पिढीतले. त्यांनी मिशीवरचा फेस पुसला आणि विचारलं, “बरोबरीत सुटली म्हन की. किती वेळ चालली?”

“दोन वर्सं, वस्ताद.”

“पाठ लागली का खाली?”

पोरगं जरा विचारात पडलं. “न्हाई.”

“मग चितपट न्हाई. दूध पी.”

दोन वर्षांच्या प्रकरणाचा इतका स्वच्छ निकाल मी पाहिला नव्हता. पण पोरांचं समाधान झालं नाही. वस्ताद उठून गेल्यावरही त्यांचा मूळ प्रश्न तसाच उभा होता, तिथल्या म्हशीसारखा: सोडलं कुणी?

खरी गोम इथंच आहे. मराठीत माणूस सोडायचा म्हटला की कर्ता लागतो. ह्यानं डच्चू दिला, तिनं कलटी मारली, ह्यानं कोललं, तिनं पत्ता कट केला, भावानं फाट्यावर मारलं. प्रत्येक वाक्यात मारणारा आहे, खाणारा आहे आणि नीट ऐकलं तर बाजूला उभं राहून बघणारे चार जणही आहेत. इंग्रजीत यातलं कुणीच नाही. “इट डिडन्ट वर्क आउट.” हा ‘इट’ कोण? शाळेत ‘इट इज रेनिंग’ शिकवताना सर सांगायचे, या इटला अर्थ नाही, तो नुसता जागा भरायला आहे. म्हणजे पाऊस पडला तर कुणाचा दोष नाही आणि प्रेम मोडलं तरी कुणाचा नाही. दोन्ही प्रकरणं हवामान खात्याकडं वर्ग.

आता कर्ता असूनही कोल्हापुरात कधीकधी घोटाळा होतो, हे मान्य केलं पाहिजे. इथल्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. त्यामुळं भिंतीपलीकडून “मला न्हाई जमायचं, मी चाललो” असं ऐकू आलं तर नक्की कोण चाललं हे कळायला खिडकीशी जावं लागतं. पुण्याच्या पाहुण्यांना यात व्याकरणाची चूक दिसते. आम्हाला यात समान हक्क दिसतो. निघून जायचं क्रियापद दोघांना एकच.

पण इंग्रजी शब्दांनी खिडकीशी जायचीही सोय ठेवलेली नाही. सगळ्यात निसरडा शब्द ‘स्पेस’. आमच्या ओळखीतल्या एका पोराला मैत्रिणीनं सांगितलं, “आय नीड स्पेस.” पोरगं घरी येऊन न जेवता झोपलं. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा बोललं, “तिला स्पेस पायजे म्हनती.” माउलीनं कपाळावर हात मारला. “अगं बया! लग्नाच्या आधीच वेगळं घर मागाय लागली व्हय?” दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या घरात स्पेस या शब्दाचा दुसरा अर्थ लागणार तरी कसा? त्या रात्री पोराच्या वडिलांनी माडी बांधायचा अंदाजे खर्चही काढला म्हणतात. हे कळलं असतं तर ती मुलगी कदाचित परतही आली असती.

‘इट्स नॉट यू, इट्स मी’ हे दुसरं वाक्य. चूक तुझी नाही, माझी आहे. कोल्हापूरच्या पुरुषाच्या तोंडून हे वाक्य मराठीत कधी कुणी ऐकलं असेल तर कळवावं, मी येऊन त्याचा सत्कार करीन. शाल, श्रीफळ, फेटा आणि चौकात डिजिटल फलक, सगळं माझ्याकडून. चूक कबूल करायची तर ती परक्या भाषेत, म्हणजे आपल्या लोकांत चर्चा होत नाही. तरी ती होतेच. एका पोरानं हे वाक्य मित्रांना मराठी करून सांगितलं तर एकजण काळजीनं म्हणाला, “तुझ्यातच काय तर असंल तर सीपीआर दवाखान्यात जाऊन दाखीव की. केसपेपर स्वस्त असतोय.”

त्याच्याच पाठोपाठ येतं ‘यू डिझर्व बेटर’. तुला माझ्यापेक्षा चांगला मिळेल. या वाक्यानं माझी तर मतीच गुंग होते. ज्या गावानं ‘जगात भारी, कोल्हापुरी’ ही घोषणा गाडीच्या नंबरप्लेटपासून टी-शर्टच्या पाठीपर्यंत सगळीकडं छापली, त्या गावातला पोरगा म्हणतो की त्याच्यापेक्षा चांगला कुणीतरी आहे! कुठं आहे? सांगलीला? मुलीनं एवढा एकच प्रश्न विचारला असता तर सगळं प्रकरण तिथंच मिटलं असतं आणि लग्नही झालं असतं. सांगलीपुढं हार मानणारा माणूस अजून रंकाळ्याचं पाणी प्यायलेला नाही.

‘लेट्स बी फ्रेंड्स’चं तर विचारूच नका. इंग्रजीत ही पदावनती आहे. आपल्याकडं मित्र म्हणजे काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही बढती वाटते. रात्री दोनला पंक्चर झालं तर मित्र, दवाखान्यात रक्त द्यायचं तर मित्र, बहिणीच्या लग्नात वाढपी म्हणून मित्र. प्रेमात असताना ज्या पोराला फक्त आइस्क्रीमचा खर्च होता, तो मैत्रीत पुरता धुऊन निघतो.

आता ‘घोस्टिंग’. काही न बोलता गायब व्हायचं. फोन नाही, मेसेज नाही, कारण नाही. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टर शब्दकोशानं 2017 साली या अर्थाला कोशात जागा दिली आणि दोनेक वर्षांत तो आमच्या राजारामपुरीतल्या गल्ल्यांत पोचला. पण शब्द आला तरी भूत पटेना. इंग्रजांचं भूत आणि आपलं भूत यांच्या स्वभावातच फरक आहे. आपलं भूत चिकट. ते मानगुटीवर बसतं, अमावास्या चुकवत नाही, लिंबू-नारळ मागतं, नाव-गाव विचारलं तर सांगतं. न सांगता निघून जायची रीत आपल्या भुतांत नाही. उलट ते जावं म्हणून लोक नरसोबाच्या वाडीला खेपा घालतात. त्यामुळं ‘तिनं मला घोस्ट केलं’ हे ऐकून एका आजीबाईंना वाटलं की मुलगी फारच मागं लागलीय, आणि त्या पोरालाच रागावल्या, “मग कर की लगीन, कशाला झुलवतोस तिला?”

शिवाय कोल्हापुरात घोस्टिंग करायचं म्हटलं तरी करणार कुठं? त्याला मुंबईसारखं गाव लागतं, जिथं माणूस गर्दीत पडला की सापडत नाही. इथं फोनवर ब्लॉक केलेली मुलगी संध्याकाळी महाद्वार रोडला चप्पल घेताना भेटते. तिथं चुकवलं तर जोतिबाच्या यात्रेत गुलालानं माखलेली समोर येते. तिचा चुलता तुमच्या वडिलांच्या भिशीत असतो, तिची मावशी तुमच्या आत्याच्या नणंदेची जाऊ निघते आणि पुढच्या महिन्यात मार्केट यार्डाजवळच्या कुठल्याशा कार्यालयात तुम्ही दोघं एकाच पंगतीला, मध्ये तांबड्या रश्श्याची बादली. भूत व्हायचं स्वातंत्र्य एवढ्या पाव्हण्यारावळ्यांत मिळत नसतं.

या सगळ्या परक्या शब्दांत पेठेला एकच शब्द पहिल्या फटक्यात कळला. तो म्हणजे ‘बेंचिंग’. एखाद्याला हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, दुसरं काही जमतंय का ते बघेपर्यंत नुसतं बसवून ठेवायचं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या पोरांना हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. इथं मूल चालायला लागलं की फुटबॉल मारतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या लढती बघत वाढलेल्या पोराला बेंचवर बसायचं दुःख जन्मजात कळतं. बूट बांधून, जर्सी घालून, पायात वॉर्मअप भरून नव्वद मिनिटं दुसऱ्याचा खेळ बघायचा आणि जिंकल्यावर गुलाल मात्र आपणही अंगावर घ्यायचा. एक पोरगा मला गंभीरपणे म्हणाला, “काका, दोन सीझन बेंचवर हाय मी. कोच नुसता बघतोय माझ्याकडं.” कोच म्हणजे ती. त्याला मी म्हटलं, दुसऱ्या तालमीकडनं खेळ. तर म्हणाला, “पेठ कशी बदलायची, काका?” निष्ठा ही गोष्ट या गावात चुकीच्या ठिकाणी फार सापडते.

त्यात आता गोंधळात भर पडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात व्हावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि 18 ऑगस्ट 2025 पासून भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ते सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची सोय झाली. त्या दिवसांत गावात जो तो बेंचबद्दलच बोलत होता. “बेंच मिळालं!” म्हणून पेढे वाटत होते. आमच्या त्या दोन सीझनवाल्या खेळाडूला या आनंदात सहभागी होता आलं नाही.

‘ब्रेडक्रम्बिंग’ नावाचा एक प्रकार आहे. पावाचा चुरा टाकत राहावा तसा अधूनमधून एखादा गोड मेसेज टाकून समोरच्याला लटकवत ठेवायचं. हा शब्द कोल्हापुरात चालणार नाही. जिथं मिसळीबरोबर कटाचं भांडं वेगळं येतं आणि न मागता पुन्हा भरलं जातं, तिथं चुऱ्यावर कोण जगणार? पुढे.

‘सिच्युएशनशिप’ला मात्र आमच्याकडं आधीपासून शब्द तयार होता. ‘विषय’. कोल्हापुरात विषय हा शब्द सर्वव्यापी आहे. “त्यांचा विषय चालू हाय,” म्हणजे प्रेम आहे की मैत्री, लग्न करणार की नाही, घरी माहीत आहे की नाही, यातलं काहीही ठरलेलं नाही पण पेठेला सगळं ठाऊक आहे. विषय गंभीर होतो, विषय हार्ड होतो आणि एके दिवशी विषय संपतो. इंग्रजीला ज्यासाठी रिलेशनशिप, सिच्युएशनशिप, ऑन अ ब्रेक, इट्स कॉम्प्लिकेटेड असे डझनभर फलक लावावे लागले, ते इथं एका शब्दाला वेगवेगळी क्रियापदं जोडून भागतं. पण गंमत अशी की दुसऱ्याचा विषय संपतो. आपला झाला की तो ब्रेकअप.

मराठीकडं मोडण्याचे शब्द नव्हते अशातला भाग नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारकत आहे. पंचांच्या समोर काडी मोडायची, देणं-घेणं मिटवायचं, मोकळं व्हायचं. बाईला पाट लावायची वाट खुली. गावगाड्यातल्या कितीतरी जातींत हे बिनबोभाट चाले. शाहू महाराजांनी 1919-20 च्या सुमारास करवीर संस्थानात काडीमोडीचा कायदाच केला. देशभरातल्या हिंदूंना तसा कायदा मिळायला 1955 उजाडलं आणि दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याचं कलम त्यात घालायला आणखी 21 वर्षं गेली, 1976 साली. दूध कट्ट्यावरचं ते म्युच्युअल दिल्लीला कळायला एवढा वेळ लागला, तर गंगावेशच्या पोरांना एका रात्रीत कसं कळावं?

मात्र हे सगळे शब्द लग्नाचे. न झालेल्या लग्नाचं काय? तर पूर्वी प्रेम मोडत नसे, तिचं लग्न ठरत असे. बस्स. त्यापुढं भाषेला काही काम नव्हतं. पोरीला मामाच्या गावाला पाठवली, पोराला मुंबईला गिरणीत चिकटवला, मधल्या मध्ये एक पत्रिका छापली; विषय संपला. ‘का मोडलं?’ या प्रश्नाला ‘तिचं ठरलं’ एवढं उत्तर पुरत असे आणि त्यात पोराचीही अब्रू राहत असे, कारण सोडणारा तिचा बाप. आता बापांनी हे खातं सोडलं. पोरं स्वतःच्या हातानं प्रेम करतात आणि स्वतःच्याच हातानं मोडतात. दोष द्यायला घरात कुणी उरलं नाही म्हटल्यावर तो ‘इट’वर टाकायचा.

‘प्रेमभंग’ हा शब्द होता की, असं कुणी जाणकार म्हणतील. होता, पण कादंबरीत. टपरीवर चहा पिताना “माझा प्रेमभंग झालाय” असं म्हणणाऱ्याला पहिल्यांदा चहा मिळेल, मग टाळ्या. शिस्तभंग, शांतताभंग, तपोभंग आणि प्रेमभंग, ऐकायला सगळी एकाच पोलीस चौकीतली कलमं वाटतात. आणि कोल्हापूरकरांना कादंबरीची कमतरता होती असंही नाही. ना. सी. फडके इथं राजाराम कॉलेजात शिकवत होते, वि. स. खांडेकर शिरोड्याहून इथं येऊन राहिले ते कायमचे. म्हणजे टेनिस खेळणारा नायक आणि प्रेम हुकल्यावर समाजसेवेला लागणारा नायक, दोघांचे जनक एका गावात. तरुणानं काय ते निवडावं. आमच्या पेठेतल्यांनी फुटबॉल निवडला.

याच कॉलेजात माधव जूलियन फारसी शिकवत असत. ‘विरहतरंग’ लिहिणारा प्रेमकवी, फारसी-मराठी कोश करणारा कोशकार आणि वर ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परके शब्द हाकलणारा शुद्धिवादी. आणि हे सगळं करणाऱ्याचं टोपणनाव जूलियन! ब्रेकअपला मराठी शब्द द्यायला महाराष्ट्रात इतका लायक माणूस दुसरा झाला नाही. विरहाचा अनुभव, शब्दांचा व्यासंग, शुद्धीचा आग्रह, राहणं कोल्हापुरात. पण ते 1939 साली गेले आणि ब्रेकअप आला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आमचं नशीब.

इंग्रज तरी पहिल्यापासून इतके सभ्य होते का? मुळीच नाही. लग्नाचं वचन मोडलं म्हणून तिथं मुली चक्क कोर्टात जाऊन नुकसानभरपाई मागत. डिकन्सच्या पिकविक या भल्या गृहस्थावर घरमालकिणीनं असाच खटला भरला आणि त्याला तुरुंगात पाठवलं, सगळा दोष एका गैरसमजाचा. हा दावा लावायची सोय इंग्लंडनं 1970 च्या कायद्यानं बंद केली. म्हणजे तोवर तिथंही कर्ता होता, कर्म होतं आणि दंडही होता. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवरच्या अमेरिकन सैनिकांना घरून ‘डिअर जॉन’ पत्रं येत. लाडक्या जॉनऐवजी कोरडं ‘डिअर’ दिसलं की गडी काय ते समजे. कर्ता उडाला तो नंतर. 2014 साली हॉलिवूडची ग्वीनेथ पॅल्ट्रो नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिनं त्याला ‘कॉन्शस अनकपलिंग’ म्हटलं आणि जगभर त्या शब्दाची चर्चा झाली. कोल्हापूरला त्यात नवल वाटलं नाही. आमचं स्टेशन शेवटचं. मुंबईहून आलेल्या गाडीचं इंजिन इथं रोज सोडवतात, चांगलं शुद्धीवर असताना, कारण पुढं रूळच नाहीत.

आणि मोडामोडीचा अनुभव या गावाला कमी आहे असं कुणी समजू नये. 1929 साली व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरात प्रभात काढली. 1933 साली प्रभात कोल्हापूरला सोडून पुण्याला गेली. 1942 साली शांताराम प्रभातला सोडून मुंबईला गेले. तिन्ही वेळा कुणी कुणाला सोडलं याबद्दल आजही इथं कुणाच्या मनात शंका नाही. पुण्याबद्दल जरा जास्तच नाही. कुणीही ‘इट डिडन्ट वर्क आउट’ म्हणून वेळ मारून नेली नाही. नव्वद वर्षं उलटली तरी ‘प्रभात गेली’ म्हणताना म्हाताऱ्यांचा आवाज असा होतो की ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच सामान नेलंय.

सामानावरून ‘क्लोजर’ आठवलं. सगळं संपल्यावर एकदा भेटायचं, शांतपणे बोलायचं आणि मन मोकळं करून कायमचं निघायचं, याला क्लोजर म्हणतात. रंकाळ्याला संध्यामठाच्या बाजूला मी एक क्लोजर जवळून पाहिलं. पोरगा किराणा दुकानाच्या कापडी पिशवीत सामान घेऊन आला होता. मुलगी एकेक वस्तू काढून कठड्यावर मांडत होती. एक स्वेटर, चार्जर, काचेचा ताजमहाल, ज्याचा एक मिनार पन्हाळ्याच्या सहलीत मोडला होता, आणि पिशवीच्या तळाशी एक लाल हेल्मेट. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कोल्हापूरचं हेल्मेट, दुसरं काय होणार.

“हे तू घालत हुतास का कधी?”

“घातलं असतं की.”

“कवा?”

“पोलिसांनी धरलं असतं तर.”

ती हसली. मग तोही हसला. नंतर तिनं ताजमहाल त्याला परत दिला आणि हेल्मेट स्वतःच्या गाडीला अडकवलं. “मी जातो,” ती म्हणाली. तो म्हणाला, “टेक केअर.” दोन वर्षांच्या संसाराची वाटणी एवढी सरळ झालेली मी वकिलांच्या घरातही पाहिलेली नाही. आणि सोडलं कुणी, हे दहा फुटांवर भेळ खात उभं राहूनही मला कळलं नाही, ही माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकाला नामुष्कीची गोष्ट आहे.

एक मात्र खरं, हे शब्द आता पोरांचे उरलेले नाहीत. आयांनी ते उचलले आहेत. मागच्या मोसमात एका स्थळाच्या बैठकीत कांदेपोह्याच्या प्लेटा उचलल्यावर मुलीच्या आईनं पदर सावरून विचारलं, “तुमच्या मुलाचा आधी कुठं ब्रेकअप वगैरे?” मुलाची आई तितक्याच शांतपणे म्हणाली, “एक झालाय, वहिनी. पन चांगल्या घरातल्या मुलीसंगं झालाय.” बैठकीत समाधान पसरलं. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी ‘अनुभव असलेला बरा’ अशी पुष्टीही जोडली.

तेव्हा माझी कोल्हापुरातल्या तमाम वधू-वर सूचक मंडळांना आणि मेळावे भरवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. बायोडेटात रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक आणि शेती किती एकर, एवढं सगळं आपण छापताच. त्याच्याखाली आणखी एक ओळ वाढवा: ब्रेकअप, असल्यास, कुणी केला? समोर फक्त दोनच चौकोन ठेवा, ‘मी’ आणि ‘समोरच्या पार्टीनं’. तिसरा चौकोन स्वतः आखून त्यात ‘म्युच्युअल’ लिहिणाऱ्यांचे अर्ज फी जप्त करून बाद करावेत.